मदत हवी आहे: आत्याला यातून बाहेर कसं काढू?

माझी आत्या साताऱ्याला एकटीच राहते. लग्न जुळवण्याच्या साइटवर तिची लंडनच्या एका ‘डॉक्टर’शी ओळख झाली. गप्पा लगेच व्हॉट्सॲपवर गेल्या. व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की त्याचा कॅमेरा बिघडलेला. आता त्याने पाठवलेले दागिने म्हणे दिल्ली विमानतळावर कस्टम्सने अडवलेत. एका बाईचा फोन आला, “मॅडम, 35,000 भरा, नाहीतर केस होईल.” खातं कुणा भलत्याच माणसाचं, साधं बचत खातं! आत्याने परवा पैसे भरले. आता ‘मनी लाँडरिंग सर्टिफिकेट’साठी आणखी 90,000 मागताहेत.

कस्टम्स खासगी खात्यात पैसे घेत नाही. त्यांच्या खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (कस्टम्स ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर तपासता येतो. सगळं सांगून झालं. ती म्हणते, “तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही.” फार तुटतं हो आतून. काका गेल्यावर पहिल्यांदाच ती हसताना दिसत होती.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, हे माहीत आहे. पण ती तयार नसताना मी तिच्या वतीने तक्रार करू शकते का? बँकेत आधी काय सांगावं? आणि घरातल्या कुणाला अशातून बाहेर काढलं असेल, तर तिच्याशी नेमकं काय बोलू? कृपया लवकर सांगा, ती सोमवारी एफडी मोडायला निघालीय.