मदत हवी आहे: आजीच्या चटणीतलं 'मापटं' म्हणजे किती?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध आहे, सगळी भावंडं येणार आहेत. जाताना प्रत्येकाच्या हातात तिच्या कांदा-लसूण चटणीची बरणी द्यायची, असं ठरवलंय.

तिची वही सापडली, पण २०१९ च्या पुरात भिजलेली. पानं वाळवली, अक्षर फुटलंय. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ एवढं वाचता येतं. पुढे 'धणे १ मापटं, लसूण नेहमीएवढा'! आता नेहमीएवढा म्हणजे किती, हे तिच्या हातालाच ठाऊक.

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, एवढं मला येतं. पण मापटं भरून धणे वजनाला किती भरतात? घरी जुनं माप असेल त्यांनी प्लीज भरून, तोलून सांगा. मिरची किलोभर धरली तर लसूण किती घालता?

मिरची कुटायच्या डंकावर आजी स्वतः बसायची, नाकाला पदर लावून. घरी आल्यावर पहिली चिमूट गरम भाकरीवर, वर कच्चं तेल, आणि ती आधी आम्हाला. स्वतः मात्र सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायची. आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही.

मिक्सरवर केली तर चव जाते का हो?