जि. प. शाळेत पहिलीपासून सेमी : तुमचं काय मत?

शिवारातला
शनिवारी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. विषय एकच : येत्या जूनपासून पहिलीला सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. खरं दुखणं भाषेचं नाही, पटाचं आहे. रोज सकाळी पिवळी गाडी येते आणि वाडीवरची 9 पोरं टाय लावून तालुक्याला जातात. पट 18 वर आलाय.

मी पालक सदस्य, आणि माझा विरोध आहे. पहिली-दुसरीला विज्ञान नसतंच, म्हणजे सेमी म्हणजे नुसतं गणित इंग्रजीत. ज्या पोराला दुकानातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणता येतात, त्याला वर्गात ‘मायनस’ ऐकून गप्प बसवायचं? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा शिकवण्याचं माध्यम शक्यतो मातृभाषाच असावं असं म्हटलंय.

खडूफळा
त्या ‘शक्यतो’मधूनच सगळ्या गाड्या तालुक्याला जातात, दादा.

मी 14 वर्षं जि. प. शाळेत शिकवतेय. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं तेव्हा किती गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंवर काय काय विनोद झाले. पण अडचण खरीच होती. ‘एकोणसत्तर’ म्हटलं की निम्मा वर्ग 7 आधी लिहितो. ‘सिक्स्टी नाइन’ला ती भानगड नाही. आणि सेमी म्हणजे मराठीला वर्गाबाहेर उभं करणं नव्हे. हातचा मी मराठीतच समजावते, फळ्यावर शब्द इंग्रजी असतो.

बिनपाढ्यांचा
बाई, तुम्ही समजावता. माझ्या मुलीच्या वर्गात उदाहरण तोंडपाठ करून घेतात, कारण शिकवणाऱ्यालाच इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाही. तिला बेरीज येते, पण ‘हाऊ मेनी मोअर’ दिसलं की बेरीजच करते. वजाबाकी करायची हे त्या वाक्यातून कळायला हवं ना?

आणि एक सांगा. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा जीआर आला तेव्हा आपणच ओरडलो ना, लहान पोरांवर भाषांचं ओझं नको म्हणून? 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. आता गणितच परभाषेत टाकायचं म्हटल्यावर सगळे गप्प!

खडूफळा
पहिली ते आठवी इंग्रजी विषय होता तरी नववीत ‘इक्वेशन’ला घाबरणारी मुलं मी पाहिलीत. त्याचं काय करायचं?

धारणीवाला
तुमचं भांडण मजेशीर आहे. दोन्ही बाजू मराठीला मातृभाषा धरून चालल्यात. मेळघाटात माझ्या वर्गातली पोरं घरी कोरकू बोलतात. ती भाषा मराठीच्या गणगोतातलीच नाही, मुंडा कुळातली आहे. त्यांच्यासाठी मराठी ही पहिली परकी भाषा, इंग्रजी दुसरी. मी कोरकू शिकलो तेव्हा पोरं पहिल्यांदा उलट प्रश्न विचारायला लागली. तोवर मला वाटायचं, ती मुळातच अबोल आहेत. आमच्याकडे द्विभाषिक म्हणजे कोरकू-मराठी. ते नीट झालं तर पुढचं बघू.

शिवारातला
धारणीवाले, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे ऊसतोडीहून परतणाऱ्या घरांतही बोली वेगळीच आहे, आणि आपण पुस्तकी मराठीलाच आईची भाषा म्हणतो.

शनिवारी मी असं मांडणार : चौथीपर्यंत गणित मराठीत, पण पहिलीपासून प्रत्येक संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत. इंग्रजी बोलायला रोज एक तास वेगळा. सेमी पाचवीपासून.

खडूफळा
आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. तुमचीही तशीच असेल, तर पाचवीपासूनचं सेमी कुठल्या शाळेत?

शिवारातला
आमचीही चौथीपर्यंतच. पाचवीला पोरं 3 किलोमीटरवर जातात. तिथल्या मुख्याध्यापकांना उद्या फोन करतो.