पहिला सर्फबोर्ड: ७ फुटी की ८ फुटी?

प्रश्न: वजन ७२ किलो, पोहता येतं. पुण्याहून कोकणात गाडीच्या टपावर न्यायचाय. ७ फुटी फायबरचा घेऊ का?

उत्तर १: नको. ८ फुटी सॉफ्ट-टॉप (वरून मऊ फोमचा बोर्ड) घ्या, रुंदी २२ इंच, साधारण ८० लिटर आकारमानाचा. कमी लिटरचा बोर्ड पाण्यात दबतो, वेग येत नाही आणि लाट खालून निघून जाते. शिवाय फायबर डोक्याला लागला की कळतं!

उत्तर २: लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, हीसुद्धा ८ फुटीच हवी, आखूड असली की बोर्ड उसळून अंगावर येतो. टपावर पट्टे करकचून आवळू नका, फोम दबतो. उन्हात बंद गाडीत ठेवलात तर थर सुटतात.

उत्तर ३: खरेदी ऑक्टोबरनंतर करा. पावसाळ्यात तिकडचा समुद्र नवख्यांचा नाही.