मदत हवी आहे: अंगठीतला कच्चा हिरा खरा आहे का, कसं तपासायचं?

टीव्हीवरच्या एका अभिनेत्रीने कच्च्या, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या दागिन्यांचा ब्रँड काढलाय. त्यातली अंगठी बहिणीसाठी ऑनलाइन मागवली. खडा करडा-पिवळसर, खडीसाखरेच्या तुकड्यासारखा. भिंगातून एका बाजूवर बारीक त्रिकोणी खुणा दिसतात. (पोलकी, म्हणजे पारंपरिक दागिन्यांतला पैलू न पाडलेला हिरा, नव्हे; ती चपटी असते.)

सोन्याची काळजी नाही. ७५० चा (१८ कॅरेटचा) शिक्का आहे, ६ अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक (एचयूआयडी) बीआयएस केअर अ‍ॅपवर जुळला. पण हॉलमार्क सोन्याचा, हिऱ्याचा नाही. सोबतच्या कार्डावर फक्त 'नैसर्गिक हिरा' आणि बाईंची सही. सही छान आहे, पण तिचं काय करू? दोनदा मेल केला, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर.

सराफ बाजारात दोघांना दाखवली. एकाने टेस्टर लावून 'हिराच' म्हटलं. पण तो उष्णतेवर चालणारा. त्यात मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडाही पास होतो, लॅबमध्ये बनवलेला हिरा तर होणारच. दुसरे काका म्हणाले, "ताई, खडा काढल्याशिवाय सांगता येणार नाही." काढला तर नख्या मोडायची भीती, आणि मग अंगठी परतही घेणार नाहीत. परतीचे ८ दिवस उरलेत.

खडा न काढता तपासून, नैसर्गिक की लॅबमध्ये बनवलेला हे लेखी देणारं नाशिकात कोणी आहे का? की मुंबईच्या तपासणी लॅबलाच न्यावी लागेल? तिथे जडवलेला कच्चा हिरा घेतात का, आणि फी नि दिवस साधारण किती लागतात?