मदत हवी आहे: म्युनिकहून आई-बाबा आणि दोन मुलांना घेऊन स्वित्झर्लंड

इझारकाठ

नमस्कार मंडळी. म्युनिकमध्ये राहतो. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, राहण्याचा परवाना जर्मनीचा, आरोग्य विमा पब्लिक. जूनमध्ये आई-बाबा (६८ आणि ७३) पुण्याहून पहिल्यांदाच येणार आहेत. व्हिसाचा अर्ज अजून भरायचाय. त्यांना घेऊन चार रात्री स्वित्झर्लंडला जायचा विचार आहे. गाडी नाही, सगळा प्रवास रेल्वेने. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आईचे गुडघे दुखतात, चढ-उताराचा त्रास होतो.

प्रश्न असे:
१. आई-बाबांच्या व्हिसासाठी आमच्याकडून काय लागेल? त्याच व्हिसावर स्वित्झर्लंड चालेल का?
२. रेल्वेचं तिकीट कसं काढावं? आमच्या दोघांकडे डॉइचलँड-तिकीट (जर्मनीभराचं महिन्याचं तिकीट) आहे, त्याचा उपयोग होईल का?
३. बाबांना युंगफ्राउयोख (आल्प्समधलं उंचावरचं रेल्वे स्थानक) बघायचंच आहे. न्यावं का?
४. येताना आई तूप, लाडू, हापूस, कढीपत्ता, गोडा मसाला आणि कुकर आणायचं म्हणतेय. यातलं काय चालतं?

नोंदवही

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुमच्या भागातल्या आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून) फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग काढा, म्हणजे पाहुण्यांच्या खर्चाची हमी. फी माणशी २९ युरो. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, घराचा करार, पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड न्या. अडतं ते अपॉइंटमेंटवर, म्हणून ती आजच मागा. कागद मिळाला की मूळ प्रत कुरियरने पुण्याला पाठवा. स्कॅनवर भागत नाही. हमीपत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं तर व्हिसासाठी धरत नाहीत, त्यामुळे फार आधीही काढू नका.

व्हिसाची फी प्रौढाला ९० युरो, अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. निर्णयाला नियमाने १५ दिवस, कागद कमी पडले तर ४५ पर्यंत. मुक्कामाचे जास्त दिवस जर्मनीत आहेत, तेव्हा अर्ज जर्मनीकडेच. स्वित्झर्लंडच्या चार दिवसांचा उल्लेख प्रवासाच्या आराखड्यात सरळ करा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तोच व्हिसा चालतो.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचा. 'पासून-पर्यंत' ही व्हिसाची मुदत, आणि 'मुक्कामाचे दिवस' हा वेगळा आकडा. मुदत बहुतेक वेळा १५ दिवसांनी जास्त असते आणि लोक परतीचं तिकीट तिच्यावर काढून बसतात. मोजायचे ते मुक्कामाचे दिवस, आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेनसाठी लागतो. तो कोणीही विकेल. बाबांसाठी बघायचं ते एवढंच, की आधीपासूनच्या आजारातून अचानक उद्भवलेली तातडीची परिस्थिती त्यात येते की नाही. स्वस्त पॉलिसीत नेमकं तेच कलम वगळलेलं असतं.

म्युनिकला उतरल्यावर त्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातील. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली नवी नोंदणी आहे ती. रांगेला वेळ लागतो, तेव्हा विमानतळाबाहेर वाट बघताना घाबरून जाऊ नका. तुम्हाला परवान्यामुळे ती लागू नाही.

रुळांवरून

म्युनिक ते झ्युरिक थेट गाडी आहे, ईसीई. मेमिंगेन, लिंडाऊ-रॉयटिन, ब्रेगेन्झ, सांक्ट मार्गरेथेन, सांक्ट गालेन असा मार्ग, साधारण साडेतीन तास. मधला तुकडा ऑस्ट्रियातून जातो. बदल नको असेल तर हीच घ्या.

डॉइचलँड-तिकीट या गाडीत चालत नाही. ते फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना. त्यावर लिंडाऊपर्यंत जाता येईल, पण दोन वृद्ध, दोन मुलं आणि बॅगा घेऊन ते वाचवणं परवडत नाही.

आता हिशेबाची गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये रोज फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास बघा, म्हणजे तिथल्या रेल्वे-बोटींचा ठरावीक दिवसांचा एकत्र पास. स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइनच्या बाहेर राहणाऱ्या कोणालाही मिळतो, म्हणजे तुम्हालाही आणि आई-बाबांनाही. ६ ते १५ वयाची मुलं आई किंवा वडिलांच्या पासवर फुकट. त्यासाठी स्विस फॅमिली कार्ड पासबरोबरच मागावं लागतं, आपोआप येत नाही. सहाच्या आतल्याला काहीच लागत नाही.

हा पास सीमेपासून, म्हणजे सांक्ट मार्गरेथेनपासून, त्याच ईसीई गाडीत चालतो. म्हणून जायच्या आणि यायच्या दिवशी पास चालू असेल तर जर्मन तिकीट सांक्ट मार्गरेथेनपर्यंतचंच काढा. मात्र आधी झ्युरिकपर्यंतचं सवलतीचं तिकीट कितीला पडतं ते शेजारी ठेवून बघा, कधीकधी फरक अगदी किरकोळ असतो. सीट आरक्षण मात्र म्युनिक ते झ्युरिक असं सलग करा, नाहीतर सांक्ट मार्गरेथेनला सगळ्यांना उठून दुसरीकडे बसावं लागेल. डॉइचे बानचं (जर्मन रेल्वेचं) कौटुंबिक आरक्षण १५ जून २०२५ पासून बंद झालं, आता प्रत्येक सीटचे वेगळे पैसे. चार वर्षांच्या मुलाला तिकीट नको, पण सीट त्याचीही घ्या.

तिकिटात मुलांची संख्या आणि वय भरायला विसरू नका. फुकट असलं तरी हा आकडा तिकिटावर हवा.

व्हिसा येईपर्यंत 'सुपर स्पारप्राइस' हे सगळ्यात स्वस्त सवलतीचं तिकीट घेऊ नका, ते रद्द होत नाही. साधं स्पारप्राइस रद्द होतं, थोडे पैसे कापून. हॉटेललाही तोच न्याय.

उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि मधल्या तुकड्यात बस लावतात. आरक्षणाआधी तुमच्या तारखांचं वेळापत्रक उघडून मध्ये बस दिसतेय का ते पाहा. आईच्या गुडघ्यांसाठी ते महागात पडेल.

इझारकाठ

भरपूर माहिती मिळाली, आभार. आई-बाबा इथे दोन-अडीच महिने आहेत. त्यांच्यासाठी डॉइचलँड-तिकीट घेऊन ठेवावं का?

रुळांवरून

२०२६ च्या जानेवारीपासून ते महिना ६३ युरो आहे. म्युनिकमध्ये रोज एखादी फेरी आणि आठवड्याला एखादी सहल होणार असेल तर घ्या. ते वर्गणीचं आहे, दर महिन्याच्या १० तारखेआत रद्द केलं तर त्या महिनाअखेर बंद होतं. ११ तारखेला आठवण झाली तर पुढचा महिना बोकांडी बसतो. मुलीसाठी लक्षात ठेवा, या तिकिटावर सहा वर्षांवरचं मूल फुकट येत नाही.

साल्झबुर्गसारख्या एका दिवसाच्या सहलीला बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, जास्त बरं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी दिवसभर, साल्झबुर्ग मुख्य स्थानकापर्यंत. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघाले तर १५ वर्षांखालची नातवंडं त्यांच्या तिकिटावर फुकट.

डोंगरवाट

तिसरा प्रश्न. युंगफ्राउयोखचं स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. इंटरलाकेन ५७० मीटरच्या आसपास, म्हणजे माणूस सकाळच्या दोनेक तासांत जवळजवळ तीन हजार मीटर वर जातो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धडधाकट तरुणांचंही डोकं दुखतं. ७३ वर्षांच्या रक्तदाबाच्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये. आणि विचारताना 'स्वित्झर्लंडला जातोय' असं मोघम नको, उंचीचा आकडा सांगून विचारा. चार वर्षांचा मुलगाही तिथे बहुधा किरकिर करेल, आणि त्याला नक्की काय होतंय ते त्याला सांगता येणार नाही.

माझं मत विचाराल तर मुक्काम लुसर्नला ठेवा आणि रीगी डोंगरावर जा. चार रात्रींत इंटरलाकेन, झेरमाट, लुसर्न असं सगळं कोंबलंत तर आई-बाबांना फक्त फलाट दिसतील. लुसर्न झ्युरिकहून पाऊण तासावर आहे आणि बोटीचे धक्के स्टेशनच्या दारातच.

तिथून बोटीने फिट्झनाऊ, साधारण तासभर. धक्क्यासमोरच दात्यांच्या रुळांची गाडी उभी असते. १८७१ मध्ये सुरू झालेली, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. अर्ध्या तासात रीगी कुल्म, १,७९८ मीटर. बोट आणि ही गाडी दोन्ही स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतात, युंगफ्राउयोखला मात्र पासवर फक्त सवलत मिळते. स्थानकापासून अगदी माथ्यापर्यंत थोडा चढ आहे. आई तिथे गेल्या नाहीत तरी खालच्या गच्चीवरून सरोवर आणि बर्फाची रांग पूर्ण दिसते.

उतरताना पुष्कळ लोक वाटेतल्या काल्टबाड स्थानकाहून केबलकारने वेग्गिसला उतरतात. तुम्ही ते करू नका. वेग्गिसचं केबलकार स्टेशन धक्क्यापासून वर गावात आहे आणि तिथून बोटीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं उतरत चालावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. आल्या रुळांनी फिट्झनाऊला परत या.

वर जायच्या सकाळी रीगीवरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघून निघा. जूनमध्ये दुपारी ढग साचतात, म्हणून पहिल्या-दुसऱ्या बोटीने. राखीव दिवस एक हाताशी ठेवा आणि त्या दिवशी नुसती बोट.

पोळपाट

आईंच्या सामानाचं सांगते.

मांस आणि दूध-दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर नको. बेसनाच्या लाडवात तूप असतंच, अधिकाऱ्याने अडवलं तर वाद घालायला जागा नाही. तूप इथे लोणी कढवून उत्तम होतं, लाडू आईंनी इथेच वळावेत, नातवंडंही हाताखाली येतील.

हापूसला आणि कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, घरगुती प्रवाशाकडे ते नसतं. पेटी जप्त होते आणि तीही डोळ्यांदेखत कचऱ्यात जाते. प्रमाणपत्राशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, पापड, सांडगे, पोहे यांना हरकत नाही. पुड्या शिवून किंवा सीलबंद करून, वर नाव लिहून.

विमान दुबई किंवा अबू धाबीवरून असेल तर खसखस अजिबात नको, नुसत्या थांब्यापुरतीसुद्धा. अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. घरच्या मसाल्यात भाजून घातलेली असते तीही मोजा.

कुकर: तुमच्या घरात इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. पुण्यातच तळाला चुंबक लावून बघायला सांगा. चिकटला तरच घ्या. स्वित्झर्लंडच्या भाड्याच्या घरातही बहुतेक काचेची शेगडी असते. तिथे खिडकी उघडल्याशिवाय मिरचीची फोडणी करू नका, छतावरचा धुराचा गजर फार हळवा असतो.

औषधं: जर्मनीत स्वतःपुरती, प्रत्येक औषधाची जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणता येतात. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत ब्रँडऐवजी मूळ घटकाचं नाव. भारतीय ब्रँड इथल्या औषधवाल्याला कळत नाही. चार दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

नोंदवही

एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून सांगतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही. बहुतेक घोळ याच फटीतून होतात.

तुमच्या पब्लिक विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं आहे. ते बाळगणारा युरोपीय संघाबाहेरचा नागरिक असेल तर स्वित्झर्लंडमध्ये ते चालत नाही. डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन इथेही नाही. तुमचे चौघांचे पासपोर्ट भारतीय, म्हणजे आई-बाबांकडे विमा असेल आणि तुम्हीच उघडे पडाल. परदेश प्रवासाचा वर्षभराचा कौटुंबिक विमा स्वस्त मिळतो, तो निघण्याआधी घ्या.

दुसरं, मोबाइल. युरोपीय संघातलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू होत नाही. तुमच्या पॅकमध्ये ते वेगळं घातलंय का बघा. नसेल तर लिंडाऊ सोडल्यावर डेटा रोमिंग बंद, कारण बोडनसरोवराच्या काठी फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो. मुलांच्या टॅबमध्ये सिम असेल तर त्याचंही.

आणि कागद. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे परतीच्या गाडीत पोलीस येणं नेहमीचंच. सहाही जणांचे मूळ पासपोर्ट, तुमच्या चौघांची परवान्याची कार्डं. मोबाइलमधला फोटो धरत नाहीत. मुलांच्या कार्डांची मुदत आत्ताच बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि कार्डाची तारीख बऱ्याचदा त्याच्याशी बांधलेली असते. मुलगा चार वर्षांचा आहे म्हणता, त्याचाच आधी तपासा.

इझारकाठ

तपासला. पासपोर्ट ऑगस्टपर्यंत आहे, कार्डही तिथेच संपतंय. दूतावासाची वेळ घेतो. स्विस भिंतीत जर्मन प्लग बसतो का, एवढं सांगा.

रुळांवरून

फोनच्या चार्जरचा चपटा दोन पिनांचा बसतो. जाड गोल, म्हणजे केटल-लॅपटॉपचा, बसत नाही. एक अॅडॉप्टर आणि त्यावर म्युनिकहून नेलेली एक एक्स्टेन्शनची पट्टी, सहा जणांना पुरतं.