कॅनडाच्या गणवेशातला पंजाबी शिपाई
पहिल्या महायुद्धातले हिंदी सैनिक सगळे ब्रिटिश हिंदी लष्करातलेच होते, असे अनेकदा म्हटले जाते; पण या विधानातून बक्कम सिंग यांच्यासारखी माणसे निसटतात. पंजाबातील माहिलपूरचे बक्कम सिंग १९०७ मध्ये, कोवळ्या वयात, कॅनडात गेले आणि १९१५ मध्ये, हिंदी स्थलांतरितांना घेऊन आलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजाच्या प्रवाशांना कॅनडातील व्हँकुव्हर बंदरातून परत धाडल्याला वर्षही उलटले नसताना, त्याच देशाच्या सैन्यात दाखल झाले. युरोपातील आघाडीवर ते दोनदा जखमी झाले. मृत्यू मात्र क्षयाने आला, १९१९ मध्ये, कॅनडातील किचनर शहराच्या रुग्णालयात. त्यांचे विजयपदक इंग्लंडमधल्या एका दुकानात सापडले २००८ मध्ये, आणि मगच त्यांच्या कबरीचा माग लागला. त्यांची पत्नी पंजाबातच राहिली होती, कारण ज्या देशासाठी ते लढले त्याचे तेव्हाचे नियम हिंदी स्थलांतरितांना कुटुंब आणू देत नव्हते. मला हे त्या जखमांहूनही क्रूर वाटते.