कॅम्पिंग ट्रेलर डावा टायर आतून खातोय, अलाइनमेंटवाला म्हणतो ट्रेलरला अलाइनमेंट नसते. काय करू?

कोलशेतचा_मुक्कामी
मंडळी नमस्कार, मी ठाण्याला कोलशेतला राहतो, २०२३ मध्ये एका फॅब्रिकेटरकडून छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतला, एकच ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा), दोन चाकं, खाली पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), स्कॉर्पिओला जोडून नेतो. आत दोघांची झोपायची जागा, मागे किचन, १०० लिटरची पाण्याची टाकी. आतापर्यंत साधारण ६ हजार किमी झाले असतील, दिवेआगर, भंडारदरा, केळवा असं सगळं. परवा धुताना खाली वाकून बघितलं तर डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात नक्षीच उरली नाही आणि एका ठिकाणी तार दिसायला लागलीय. बाहेरून बघितलं तर टायर एकदम चांगला वाटतो, म्हणूनच इतके दिवस कळलं नाही. उजवा बघितला तर ठीक वाटला.

घोडबंदर रोडला नेहमीच्या अलाइनमेंटवाल्याकडे नेला तर तो म्हणाला ट्रेलरला स्टीअरिंगच नाही तर अलाइनमेंट कसली करणार, टायर बदला आणि मग ५ हजारला आलटून पालटून लावा. टायर १६५/८० आर १४ आहेत, साधे कारचे. हवा ३२ ठेवतो. आठवतंय ते एवढंच की पावसाळ्यात केळव्याहून परत येताना रात्री गायमुखच्या घाटात डावं चाक एका मोठ्या खड्ड्यात जोरात गेलं होतं, खड्डा पाण्याने भरलेला त्यामुळे दिसलाच नाही, आतली भांडी सगळी खाली आली. पण त्यानंतर ट्रेलर सरळ चालत होता म्हणून काही केलं नाही. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन गुहागरला जायचंय, त्यांच्यासोबत रस्त्यात टायर फुटायला नको. नवीन टायर टाकून निघू का आधी काही बघायला हवं?

तळोजा_ट्रान्सपोर्ट
भाऊ तार दिसते म्हणजे तो टायर आता लावूच नका, सोसायटीच्या गेटबाहेर पण नाही. पण नवीन टायर घ्यायची घाई करू नका, नाहीतर तो पण तसाच खाईल आणि पैसे पाण्यात. गाडी टायर खाते तेव्हा कुठून खाते त्यावरून समजतं. मधे झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा ओझं जास्त, एकच कड झिजली तर चाक कललंय नाहीतर तोंड फिरलंय (म्हणजे चाक सरळ पुढे न बघता आत किंवा बाहेर बघतंय), आणि मधे मधे खळगे पडले तर बॅलन्सिंग किंवा बेअरिंग. तुमचा आतून गेलाय, खड्डा पण डावीकडेच लागलेला, मला तर स्टब (ॲक्सलचं टोक, ज्यावर चाक बसतं) वाकल्याचीच शंका येते. आमच्याकडे ४० फुटी ट्रेलर आहेत त्यांचे ॲक्सल रोज सरळ करून घेतो आम्ही, ट्रेलरला अलाइनमेंट नसते हे साफ चूक आहे. स्टीअरिंग नसलं तरी चाकाला दिशा आणि कल असतोच ना. नट फिरवून ॲडजस्ट करायची सोय नसते एवढंच, वाकलं असेल तर ॲक्सलच सरळ करावा लागतो नाहीतर बदलावा लागतो.

नेरूळची_फूडट्रेलरवाली
मी नेरूळला फूड ट्रेलर चालवते, मागच्या वर्षी माझ्याकडे डिट्टो हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहिते. दादा, मशीन लागत नाही, घरी टेप, खडू, ओळंबा आणि एक जॅक असला की बास. सपाट जागा मात्र पाहिजे, सोसायटीचे पेव्हर ब्लॉक खालीवर असतात तिथे करू नका, बेसमेंट पार्किंगच्या काँक्रीटवर करा. आणि मोजायच्या आधी तो खराब टायर काढून स्टेपनी लावा, झिजलेल्या टायरवर माप घेऊन उपयोग नाही.

आधी कपलिंगच्या (ट्रेलर गाडीच्या हुकला जोडतो तो भाग) बरोबर मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची, मग दोन्ही हबच्या (चाकाचा मधला भाग) मध्यापासून ओळंबा सोडून खुणा. पुढच्या खुणेपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं हवं, ३ मिमीपर्यंत फरक चालतो. जास्त निघाला तर ॲक्सल काटकोनात नाही, मग पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय का, यू बोल्ट (ॲक्सल पाट्याला आवळून धरणारे) ढिले आहेत का, शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला लटकवणारी कडी) बुश गेलेत का ते बघायचं. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल पाट्यावर हळूहळू मागे सरकतो आणि वरून काही दिसत नाही.

मग एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवत टायरच्या मधोमध खडूची बारीक रेघ मारायची (खिळा एका जागी धरून पण रेघ निघते). चाकं खाली ठेवून ट्रेलर चार फूट पुढे ढकलायचा, म्हणजे टायर नीट बसतात. आता हबच्या उंचीवर टायरच्या पुढच्या बाजूला रेघ ते रेघ अंतर आणि मागच्या बाजूला रेघ ते रेघ अंतर. पुढचं जास्त असेल तर चाकांची तोंडं बाहेर, कमी असेल तर आत. शेवटी रिमला वरून ओळंबा लावून वरची कड आणि खालची कड यात किती फरक आहे ते मोजायचं.

एक सांगते, उजव्या टायरवर पण तळहात फिरवून बघा, डोळ्यांनी नाही कळत. एका दिशेने गुळगुळीत लागेल आणि उलट्या दिशेने करवतीसारखं अडकेल तर तोंड फिरलंय.

खारघर_आबा
माझ्या मते एवढं करायची गरज नाही. एकच ॲक्सल तिरका बसला असेल, फॅब्रिकेटरलाच सांगा यू बोल्ट ढिले करून सरळ करून देईल.

तळोजा_ट्रान्सपोर्ट
आबा राग मानू नका पण इथे फरक आहे. एकच ॲक्सल असेल आणि तो पूर्ण तिरका बसला असेल तर दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच राहतात, ट्रेलर कपलिंगवर फिरून स्वतःला ॲडजस्ट करून घेतो, मागून बघितलं तर खेकड्यासारखा तिरका चाललेला दिसतो पण टायर फारसे खात नाही. दोन ॲक्सल असतील तर मात्र ते एकमेकांशी भांडतात, एक इकडे ओढणार एक तिकडे, तिथे थोडा तिरकेपणा पण टायर संपवतो. कोलशेतवाल्यांचा ट्रेलर सरळ चालतोय आणि एकच टायर खातोय म्हणजे दुखणं त्या चाकात आहे किंवा त्याच्यावरच्या ओझ्यात. आणि हो, काटा करून घ्या, म्हणजे वजनकाट्यावर वजन. पूर्ण गाडी काट्यावर नाही, प्रत्येक चाक वेगळं. जमिनीच्या लेव्हलचा काटा असेल तर डावं चाक काट्यावर आणि उजवं बाहेर असं उभं करता येतं, कळंबोलीला काटे भरपूर आहेत, सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. सामान, सिलिंडर, पाणी सगळं भरून न्या, रिकामं वजन करून काही कळणार नाही.

कोलशेतचा_मुक्कामी
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवार पूर्ण यातच घालवला, मुलगी टेप धरायला होती. मापं देतो.

कपलिंग ते हब डावं ३४१२, उजवं ३४०९, म्हणजे ॲक्सल सरळच आहे, सेंटर बोल्ट पण शाबूत. रेघ ते रेघ पुढे १५४६, मागे १५३७, म्हणजे ९ मिमी बाहेर. रिमला ओळंबा लावला तर डावं चाक वरून १२ मिमी आत कललंय आणि उजवं ३ मिमी. तीन वेळा मोजलं, तेच येतंय. आणि ताई तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, उजव्या टायरवर हात फिरवला तर आतल्या बाजूला करवत लागते, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

आज सकाळी कळंबोलीला काटा केला, सगळं भरून. डावं ६१० किलो, उजवं ४७०. हे बघून मला धक्काच बसला. टाकी, बॅटरी आणि शेगडीचं कपाट तिन्ही डावीकडेच आहे, बनवताना वायरिंग आणि पाइप सोपे पडतील म्हणून तसं करून घेतलं होतं.

नेरूळची_फूडट्रेलरवाली
मग सगळं जुळतंय. बघा, १२ मिमी म्हणजे १४ इंची रिमवर जवळजवळ २ अंशांचा कल, हा स्टबच वाकलाय. तोंड बाहेर गेल्याची झीज दोन्ही टायर वाटून घेतात कारण ट्रेलर मधली वाट पकडतो, म्हणून उजव्याला पण करवत. ९ मिमी ऐकायला कमी वाटतं पण हिशोब केला तर दर किलोमीटरला प्रत्येक टायर ७ मीटरच्या आसपास आडवा घासत जातो, १०० किमीच्या प्रवासात ७०० मीटर आडवा! डाव्यावर त्याशिवाय कल आणि जास्तीचं वजन, म्हणून तो आधी गेला.

आता टायरवर साइजच्या पुढे एक आकडा असतो तो वाचा, तुमच्या साइजला बहुतेक ८५ असेल. ८५ म्हणजे ५१५ किलो. तुमच्या डाव्या टायरवर ६१० आहेत, म्हणजे ९५ किलो जास्त, आणि हवा ३२. उन्हात, हायवेला, असा टायर किती गरम होत असेल विचार करा. खरंच सांगते, फुटला नाही हे नशीब. त्याच्याच बाजूला चार आकडी तारीख असते ती पण बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

कोलशेतचा_मुक्कामी
८५च आहे. आणि तारीख २२१९. म्हणजे २०१९ चे टायर मला २०२३ मध्ये नवीन म्हणून लावून दिले. वाईट वाटलं, मी विश्वासाने पैसे दिले होते, आणि आत माझं कुटुंब झोपतं ही गोष्ट त्याला माहीत होती. आता ॲक्सल सरळ करू का नवीन टाकू?

तळोजा_ट्रान्सपोर्ट
आमचे जाडे ॲक्सल आम्ही हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ करतो, गरम करून नाही, गरम केला की स्टीलचा दम जातो. तुमचा स्टब बारीक आहे आणि एकदा वाकलाय, मी असतो तर सरळ करत बसलो नसतो, नवीनच टाकला असता. उजव्याचे ३ मिमी पण मला सांगतात की ॲक्सलचा पाइप सुरुवातीपासून सरळ होता. चांगल्या ट्रेलर ॲक्सलचा पाइप मधे किंचित वर उचललेला असतो, म्हणजे ओझं पडलं की दाबून सरळ होतो. सरळ पाइप टाकला की ओझ्याखाली मधे लवतो आणि दोन्ही चाकं वरून आत कलतात. नवीन बनवताना हे सांगा, आणि वजनाला मार्जिन ठेवा, १५०० किलोचा घ्या. स्टब वेल्ड करताना जिगमध्ये (भाग हलू नयेत म्हणून पकडणारा साचा) बांधूनच करायला सांगा, पाट्याच्या बैठकी पण. एकाच बाजूने लांब वेल्ड मारला तर पाइप त्या बाजूला ओढला जातो आणि नवा ॲक्सल दुकानातच वाकडा होतो. घेऊन यायच्या आधी ताईंनी सांगितलेली खडूची रेघ तिथेच मारून मोजा, लाजू नका.

टायर १८५ आर १४ सी घ्या, पिकअपला येतात ते, १०२ आकडा म्हणजे ८५० किलो. हवा जास्त लागते त्यामुळे रिम तेवढ्या हवेला चालणारी आहे का ते आधी विचारा. उंचीला पण हा टायर मोठा, वरती साधारण दीड सेंमी जागा कमी होईल, मडगार्डला घासतो का बघा, पाटा दाबला गेल्यावर.

खारघर_आबा
तळोजावाले, बरोबर आहे तुमचं, मी एवढा विचार केला नव्हता. माझा स्वतःचा दोन ॲक्सलचा आहे, मागचेच दोन टायर लवकर जातात, आता वाटतं मी पण मोजायला हवं.

तळोजा_ट्रान्सपोर्ट
आबा आधी तुमचा ट्रेलर जोडून बाजूने फोटो काढा. हुक उंच असेल आणि ट्रेलरचं नाक वर असेल तर ओझं मागच्या ॲक्सलवर जातं. चॅसिस जमिनीला समांतर पाहिजे. आणि सोसायटीत जागेवर वळवता का? दोन ॲक्सलवाला जागच्या जागी फिरवला की टायर अक्षरशः आडवे रगडले जातात, दोनदा पुढेमागे करून मोठं वळण घ्या.

कोलशेतचा_मुक्कामी
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. तुर्भे एमआयडीसीत एका कारागिराने नवीन ॲक्सल बनवून दिला, पाइपला वर उचल देऊन, आणि मी तिथेच उभं राहून मोजला, पुढेमागे फरक १ मिमी. टाकी ॲक्सलच्या वर बरोबर मधे आणली. बॅटरी आणि शेगडी अजून डावीकडेच आहेत, ते कपाट तोडायला वेळ नव्हता, पण आता टाकी रिकामी ठेवूनच निघणार आणि मुक्कामाच्या गावी भरणार. परत काटा केला, रिकाम्या टाकीने डावं ५३०, उजवं ४६०. टायर १८५चे टाकले, घेताना तारीख वाचून घेतली, दुकानदार जरा वैतागला पण मागून दुसरे काढून आणले. मडगार्ड थोडं कापावं लागलं.

बेअरिंग पण उघडले, डावीकडचं ग्रीस काळं पडून घट्ट झालं होतं, दोन्ही बाजूंना नवीन भरलं. कारागिराने चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग किंचित सैल सोडून पुढच्या खाचेत पिन घातली, वर-खाली धरून हलवून दाखवलं, टकटक अजिबात नाही. काल माळशेजपर्यंत जाऊन आलो, मुरबाडला थांबून दोन्ही हबना हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. घरी येऊन टायरवर दोन्ही दिशांनी तळहात फिरवला, कुठेच अडकला नाही.

नेरूळची_फूडट्रेलरवाली
वाचून खूप बरं वाटलं. नवीन यू बोल्ट साधारण २०० किमी झाले की परत एकदा आवळा, पाटे बसले की ढिले होतात, गुहागरला निघायच्या आधीच करून घ्या. चाकाचे नट पण. आणि आई-बाबांना नमस्कार सांगा.

कोलशेतचा_मुक्कामी
ताई आज संध्याकाळीच आवळले, डावीकडचे दोन अर्धा आटा फिरले. सांगतो नमस्कार.